लोकप्रियता : एक

१

नावांच्या कोशात प्रत्येक नावापुढे तीन रकाने असतात : अर्थ, उगम आणि लोकप्रियता. पहिले दोन कोशकार पुस्तकं चाळून, डोकं खाजवून भरतो. तिसऱ्यासाठी मात्र त्याला जन्मनोंदणी कार्यालयाचे पाय धरावे लागतात. अमुक नावाची माणसं किती, हे तिथल्या दप्तराशिवाय कुणी सांगू शकत नाही.

कोशाची कचेरी छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. दोन टेबलं, कार्डांनी भरलेली चौदा खणांची दोन कपाटं आणि एक खिडकी. ती ओढली की उघडायची नाही आणि सोडून दिली की आपोआप उघडायची. कोशकार इथे पंचवीस वर्षं बसत होता. चार आवृत्त्या निघाल्या होत्या आणि पाचवी छापखान्याच्या उंबरठ्यावर होती. फक्त मुलग्यांच्या नावांचे आकडे यायचे राहिले होते, ते त्या मंगळवारी सकाळी आले.

"तीन हजार एकशे बारा नावं, सर. सगळ्यांचे आकडे आलेत," बाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्या दोन महिन्यांपूर्वी मदतीला आल्या होत्या. ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय त्या काही वाचत नसत.

"एकशे अकरा," कोशकार मान वर न करता म्हणाला.

"बारा. तुमच्या यादीत अकरा होती. कोशात एक नाव आहे ते यादीत नव्हतं, ते मी घातलं."

त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. "का घातलंत?"

"का म्हणजे? हजेरीत एक मूल गाळलं की सहलीत नेमकं तेच हरवतं, सर. चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

आता हे सांगायला हवं. कोश करणारे लोक पुस्तकात एक खोटी नोंद पेरून ठेवतात. धंद्यात तिला राखणदार म्हणतात. दुसऱ्या कुणी आपला कोश ढापून छापला, तर राखणदारही त्याच्या पुस्तकात जातो आणि चोर रंगेहाथ सापडतो. अस्तित्वातच नसलेलं नाव दोघांना एकाच वेळी सुचणार कुठून? चारही आवृत्त्यांमध्ये कोशकाराचा राखणदार एकच होता. मुलग्याचं तीन अक्षरी नाव. ते इथे दिलेलं नाही. का, ते पुढे वाचल्यावर कुणी विचारणारही नाही. कोशातली नोंद मात्र अशी होती : 'अर्थ : हाक मारली की येणारा. उगम : अनिश्चित. लोकप्रियता : –'

ती आडवी रेघ पंचवीस वर्षं तशीच होती. या नावाची मोजणी करायला त्याने कधी पाठवलंच नव्हतं. नसलेल्याची मोजणी काय करायची?

"मग?" त्याने विचारलं. "शून्य ना?"

बाईंनी पट्टी सरकवली. "एक."

२

कोशकार खुर्चीवरून उठला तो असा, की खुर्ची मागे पडली. कुणीतरी नाव उचललं होतं! चोर नव्हे, आईबाप. कुठल्यातरी घरात रात्र रात्र जागून कोणी त्याचा कोश चाळला असेल, नेमकं त्या पानावर बोट थांबलं असेल आणि त्यांनी आपल्या पोराला ते नाव दिलं असेल. कागदावर पेरलेलं बी कुणाच्या तरी अंगणात उगवलं होतं.

"बाई, पेढा द्यायला हवा तुम्हाला!"

"साखर आहे मला. काय झालं ते सांगा."

त्याने सांगितलं. सगळं नाही. राखणदाराचं तेवढं सांगितलं. बाई हसल्या. मग तोंडावर पट्टी धरून म्हणाल्या, "म्हणजे मी गाढवपणा केला. पण बरा केला."

त्याने नोंदणी कार्यालयातल्या दप्तरीला फोन लावला. दप्तरी त्याचा जुना मित्र. पंचवीस वर्षं आकडे पुरवून त्याची हाडं खिळखिळी झाली आहेत, असं तो स्वतःच सांगायचा.

"आता काय राहिलं, कोशवाल्या? अख्खं गाव मोजून दिलं तुला."

"एक नाव बघ. कधीचा जन्म आहे?" त्याने अक्षरं एकेक करून सांगितली. सलग उच्चारणं त्याला जमलं नाही.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. दप्तरीने तारीख वाचली.

ती तारीख कोशाच्या पहिल्या आवृत्तीच्या एक वर्ष आधीची होती.

कोशकाराने खिडकीकडे पाहिलं. खिडकी आपोआप उघडत होती. तारीख त्याला ओळखीची होती. वर्षातून एकदा त्या दिवशी तो आणि त्याची बायको एकमेकांशी फारसं बोलत नसत, बस. तो स्वतःला म्हणाला, योगायोग. दिवसाला शेकडो मुलं जन्मतात.

"आईबापाची नावं वाच," तो म्हणाला.

यावेळी पानाचा आवाज आला नाही. दप्तरी आवाज खाली आणून म्हणाला, "तू इकडेच ये."

३

नोंदणी कार्यालयाच्या तळघरात कागदाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. दप्तरीने रजिस्टर उघडून ठेवलं होतं आणि तो त्याच्याकडे पाठ करून उभा होता. आईबापाच्या रकान्यात कोशकाराचं नाव होतं. शेजारी त्याच्या बायकोचं.

"तुमचं मूल गेलं होतं, ते मला ठाऊक होतं," दप्तरी म्हणाला. "नाव ठेवलं होतंत, हे ठाऊक नव्हतं."

"कुणालाच नव्हतं. चार दिवसांचा होता. ठेवायला वेळ कुठे मिळाला? आम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं तेवढंच."

"मग दवाखान्याने लिहिलं असेल. हे बघ, मृत्यूची नोंद बिननावाची, जन्माची नोंद नावाची. दोन्हींची गाठच पडली नाही, म्हणून पोरगा कागदावर जिवंत राहिला. होतं असं. आमच्याकडे एकशे चाळीस वर्षांच्या एक आजीबाई आहेत, दर निवडणुकीला ठणठणीत."

कोशकार हसला. जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं आणि त्याचवेळी भांडं रिकामं झाल्यासारखंही. "म्हणजे नुसती चूक."

"चूकच म्हटलं असतं." दप्तरीने पान उलटलं. "पण पत्ते बदललेत."

पत्त्याच्या रकान्यात पाच नोंदी होत्या. पहिला पत्ता देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा, बंदरावरचा. दुसरा डोंगरातल्या एका गावाचा. तिसरा याच शहराच्या वेशीवरचा. चौथा नदीपलीकडचा. प्रत्येकासमोर तारीख होती आणि त्या तारखा कोशकाराला तोंडपाठ होत्या. दुसऱ्या कुणाला त्यांत काही दिसलं नसतं. पहिली आवृत्ती, दुसरी, तिसरी, चौथी. पुस्तक छापून बाहेर पडलं की आठवड्याच्या आत पत्ता बदलला होता. दर खेपेला जवळ.

"पाचवा कधीचा?"

"मागच्या मंगळवारचा."

मागच्या मंगळवारी पाचव्या आवृत्तीची पहिली कच्ची मुद्रितं निघाली होती. पत्ता कोशकाराच्या घरामागच्या गल्लीतला होता.

त्याची मती सांगत होती, कुणीतरी थट्टा करतंय. फार जुनी, फार कष्टाची थट्टा. पण त्याचे तळहात ओले झाले होते आणि ते भीतीने नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बापाचे होतात तसे झाले होते.

"पत्ता बदलायचे अर्ज कोण आणून देतं?"

"खिडकीच्या खालच्या फटीतून आत सरकवलेले असतात. समोर कुणी दिसत नाही." दप्तरी घुटमळला. "आणि सही नसते, रे. अंगठा असतो. पहिल्या अर्जावरचा मोठा आहे. पुढे पुढे..."

"पुढे पुढे काय?"

दप्तरीने रजिस्टर मिटलं. "तू घरी जा. वहिनींशी बोल."

४

बायको खिडकीशी बसून डाळ निवडत होती. त्याने घरात पाऊल टाकलं आणि ती म्हणाली, "काय झालंय? लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून आलात."

त्याने सगळं सांगितलं, उभ्यानेच. पायाला भिंगरी लागल्यासारखा खोलीभर फिरत सांगितलं. ती निवडत राहिली. शेवटी ताटात डाळ आणि खडे यांचे दोन ढीग झाले तेव्हा तिने विचारलं, "ते नाव तुम्ही पुस्तकात घातलंत?"

हे त्याने तिला पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

"कुठेतरी असावं, म्हणून," तो म्हणाला. "कुठेतरी छापलेलं असावं."

नावाचा खरा उगम त्या दोघांनाच ठाऊक होता. ती सातव्या महिन्यात शिलाई मशीनवर इवलाली झबली शिवत बसायची. पायडल मारलं की मशीन तीन ठेक्यांत बोलायचं आणि ते ऐकून ऐकून एक दिवस दोघांच्या तोंडून एकदमच ते नाव निघालं. कुठल्या भाषेतलं नव्हतं, कुणा पूर्वजाचं नव्हतं. त्या खोलीतलं होतं. नंतर तिने मशीनवर चादर घातली. चादर दर सहा महिन्यांनी धुतली जायची. मशीन चाललं नाही.

"दवाखान्यात तू सांगितलं होतंस का कुणाला? नर्सला?"

"नाही."

"मग?"

"मला काय विचारता? अर्थ काय लिहिलात?"

त्याने अर्थ सांगितला. तिने खड्यांचा ढीग बोटाने ताटाच्या कडेला सारला.

"खोडा ते," ती म्हणाली.

"अगं, पण तो येतोय! घरामागच्या गल्लीपर्यंत आलाय. सव्वीस वर्षांचा..."

"तुम्ही दारात उभे होतात. मी त्याला हातात धरलं होतं." तिचा आवाज चढला नाही. "तो माझ्या हातात गार झाला. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मला ठाऊक आहे. मग जो येतोय तो कोण?"

तो फिरता फिरता थांबला. तरी नजर सारखी दाराकडे जात होती.

"मला त्याची भीती नाही वाटत, अहो," ती म्हणाली. "मला माझी वाटते. काहीही दारात येऊन उभं राहिलं ना, तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून म्हणते, खोडा. उद्या छपाई आहे ना? उद्या जाऊन खोडा. मला वचन द्या."

त्याने वचन दिलं.

५

छापखान्यात सकाळी नऊलाच यंत्रं तापली होती. छापखान्याच्या मालकाने शेवटचं मुद्रित त्याच्यापुढे टाकलं. "कोशकार, एक सही. फर्मा यंत्रावर चढवून बसलोय. आता अक्षराला हात लावलात तर मी तुम्हाला हात लावीन."

पान उघडलं. ते नाव मध्यावर होतं, वर एक नाव, खाली एक नाव, वर्गात बाकावर बसल्यासारखं. बाईंनी लोकप्रियतेच्या रकान्यातली रेघ काढून आकडा लिहिला होता. एक.

त्याने लाल पेन्सिल टेकवली. टोक कागदावर होतं. नुसती ओढायची होती.

त्याला वाटलं, खोडलं तर आकड्याचं काय होईल? तो जो कुणी आहे, गल्लीत कुठल्याशा खोलीत बसून वाट बघणारा, तो परत बंदरावर जाईल? की कुठेच नाही? पंचवीस वर्षं चालत आलेल्या माणसाला चार पावलांवरून परत पाठवायचं? वचन दिलं होतं खरं. पण वचन देताना आकडा नुसता ऐकला होता, आता तो डोळ्यांसमोर होता. काळा, ठसठशीत, एकटा.

"झोपलात का?" मालक ओरडला.

कोशकाराने पेन्सिल उचलली आणि पानाच्या तळाशी सही केली.

यंत्र सुरू झालं. त्याच्या धडधडीत कोशकाराला हसू आवरेना. लहान मूल उत्साहात उगाच हसतं तसा तो हसत होता. मालकानेही हसून मान हलवली. "पाच आवृत्त्या झाल्या तरी हौस फिटत नाही तुमची!" तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. दप्तरी होता.

"आत्ताच नवा अर्ज आलाय. खिडकीखाली पडलेला सापडला."

"पत्ता?" कोशकार ओरडून म्हणाला, यंत्राच्या आवाजावर.

"तुझाच. तुझ्या घराचा. अंगठा कुठे आहे ते मला भिंगातून शोधावं लागलं."

६

तो धावतच निघाला. घरी नाही, मागच्या गल्लीत. आधी आपण गाठू, सोबत घेऊन जाऊ, तिला नीट समजावून सांगू. दप्तरीचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं, पण आत घेतलं नव्हतं.

पाचव्या पत्त्याचं घर तीन मजली होतं. घरमालकीण जिन्यात बादली घेऊन उभी होती.

"वरच्या खोलीतला ना? गेला की अर्ध्या तासापूर्वी. घरी बोलावलंय म्हणाला. इतका खूश होता!"

"कसा दिसतो?"

"मी कुठे पाहिलाय? भाडं दाराखालून सरकवतो. आवाज यायचा तेवढा. दिवसभर एकच काहीतरी घोकायचा, शिलाई मशीन चालल्यासारखं. आधी मला वाटलं शिंपीच आहे." तिने बादली खाली ठेवली. "पण जाताना चमत्कारिक गेला, हं. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. काहीतरी एका पायरीवर पडायचं, थांबायचं, मग खालच्या पायरीवर पडायचं. मी दार उघडलंच नाही. का, काय माहीत."

खोली उघडीच होती. चार भिंती, एक खिडकी. पलंग नव्हता, भांडं नव्हतं, कपडे नव्हते. जमिनीवर धूळही नव्हती. ऊन मात्र भरपूर होतं, इतकं की काही लपून राहण्याची शक्यताच नव्हती.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मुलांना उभं करून उंचीच्या करतात तशा, आडव्या रेघा आणि बाजूला तारखा. वाढला, तो वाढला होता! सगळ्यात वरची रेघ त्याच्या डोक्याच्याही वर होती. त्याने टाचा उंचावून तिला बोट लावलं आणि तारीख वाचली.

पहिल्या आवृत्तीचं वर्ष.

बोट खाली आलं. खालच्या रेघेवर दुसऱ्या आवृत्तीचं वर्ष. मग तिसऱ्याचं, छातीपाशी. चौथ्याचं, मांडीपाशी. तो वाकला. मग गुडघे टेकले. शेवटची रेघ जमिनीपासून दोन विती उंचीवर होती आणि तिच्यासमोर आजची तारीख होती. पेन्सिलीची भुकटी अजून लाकडाला चिकटलेली होती. लहान होत होत, होत होत तो बरोबर त्या मापाचा झाला होता, ज्या मापाचा त्यांना माहीत होता.

आता पहिल्यांदा त्याला थंडी वाजली. घरमालकिणीच्या फोनवरून त्याने छापखान्याचा नंबर फिरवला. "थांबवा. ते एक पान थांबवा."

"थांबवू कुठून?" मालक म्हणाला. "शेवटचा ताव आत्ता बाहेर आला."

७

त्याच्या घराचं दार आतून लावलेलं नव्हतं. एकटी असताना ती ते कधी उघडं ठेवत नसे.

बाहेरच्या खोलीत डाळीचं ताट तसंच होतं. आतून आवाज येत होता. तीन ठेके, पुन्हा तीन ठेके. मशीन चालू आहे, तिने चादर काढली, एवढंच त्याच्या मनात आलं आणि तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला.

मशीनवर चादर नव्हती, पण चाक स्थिर होतं. बायको त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती, दाराकडे पाठ करून. चादर तिच्या हातांत होती, गुंडाळलेली. ती डोलत होती आणि तो तीन ठेक्यांचा आवाज चादरीतून येत होता. न थकता, न श्वास घेता.

"अगं," तो म्हणाला. "नको. मी खोडलं नाही. चूक माझी आहे. खाली ठेव त्याला."

तिने मान वळवली. सव्वीस वर्षांत त्याने तिचा हा चेहरा पाहिला नव्हता. ती रडून मोकळी झाली होती आणि आता एखाद्या मुलीसारखी आनंदाने थरथरत होती.

"अहो, हळू बोला," ती म्हणाली. "गार नाहीये. हात लावून बघा. गार नाहीये."

चादरीची घडी सरकली आणि आतून एक हात बाहेर आला. त्याने तिचं बोट शोधून घट्ट धरलं. चादरीची गुंडाळी दोन वितींचीच होती. हात तेवढ्या मापाचा नव्हता. मोठ्या पुरुषाचा होता, मनगटावर दाट केस असलेला, बोटांची पेरं लांबच्या वाटेवर झिजल्यासारखी सोललेली. तिचं बोट त्याच्या मुठीत दिसेनासं झालं.

कोशकाराची मती त्याला सांगत होती की मागे फिर, बाहेर जा, शेजाऱ्यांना बोलाव. ती अगदी स्पष्ट सांगत होती. बायकोने डोलता डोलता शेजारचं दुसरं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. ठेके थांबले. चादरीतलं जे काही होतं ते ऐकत होतं.

त्याने वाकून चपला काढल्या, वाजू नयेत म्हणून हातात धरल्या आणि तो आत गेला.